जीवराम ग्रेडरची तीन बोटं

जळगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली होती. दारावर ‘भौतिकोपचार विभाग’ अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. कंबर धरलेली, मान धरलेली, गुडघे गेलेली माणसं यायची, मी त्यांना दिव्याखाली शेक द्यायची, म्हणून सगळे मला ‘शेकवाली बाई’ म्हणत. नागपूरला शिकून मला तीन वर्षं झाली होती. माहेर दोंडाईचाचं, वडील मांगीलाल यांचं तिथं धान्याचं दुकान. सासर जळगावचं. मारवाड्याची सून नोकरी करते याचं लोकांना तेव्हा नवल वाटायचं, आणि ती शेक देते याचं त्याहून जास्त.

१९८७च्या फेब्रुवारीत जीवरामभाऊ माझ्याकडे आले. वय शेहेचाळीस, अंगाने सडपातळ, पांढरा लेंगा, टोपी. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात धरला होता, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तसा. बरोबर त्यांची बायको बेबाबाई होती. धुळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिनेच पुढे केली.

चिठ्ठीत लिहिलं होतं की, मनगटापाशी मधली नस तुटली होती, ती अडीच महिन्यांनी जोडली आहे, प्लास्टर काढलं आहे, पुढचे उपचार करावेत. पुढचे म्हणजे कोणते, ते लिहिलं नव्हतं.

“हात कशाने कापला?” मी विचारलं.

“काच,” जीवरामभाऊ म्हणाले. “खिडकी उघडत नव्हती. तयहाताने दाबली. काच फुटली अन् हात पार गेला.”

ते जामनेरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी केंद्रावर आली की ग्रेडर कापसात हात घालतो, एक पुंजका काढतो, सरकीपासून धागा ओढतो, दोन्ही हातांच्या चिमटींत धरून ताणतो आणि प्रत सांगतो. सुपर की फेअर, हे त्याच्या तोंडून निघालं की त्या गाडीचा भाव ठरला. जीवरामभाऊंचे वडील उखर्डू सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये हमाल होते. मुलगा तिथंच वाढला, आधी एका पेढीवर कापूस पारखायला लागला आणि सरकारी खरेदी सुरू झाल्यावर केंद्रावर आला. बावीस वर्षं हेच काम. लोक सांगायचे की, जीवराम गाडीकडे बघतच नाही, शेतकऱ्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत मारत हात खुपसतो आणि कापूस कुठल्या वेचणीचा, रात्री त्यावर पाणी शिंपडलंय का, सगळं सांगतो.

हात कापला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. हंगाम नुकताच उभा राहिला होता. गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, टाके घातले आणि बजावलं, “बोटं बधिर वाटताहेत ना? धुळ्याला दाखवून या. उशीर करू नका.” जीवरामभाऊ गेले नाहीत. टाके निघाल्यावर पुन्हा गाड्यांपुढे उभे राहिले. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही मेल्यासारखी. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांनी प्रत सांगायची, हात नुसता दाखवण्यापुरता घालायचा, असे अडीच महिने काढले.

“यास्ना हात जयना तरी यास्ले कयनं नई,” बेबाबाई म्हणाली. ती शिंदखेड्याकडची, माझ्याच माहेरच्या बोलीत बोलणारी.

झालं असं होतं की, एका सकाळी चुलीपुढे बसून ते चहा पीत होते. बेबाबाईला चामडं जळल्यासारखा वास आला. तिने वळून पाहिलं तर नवऱ्याचं बोट जळत्या लाकडाला टेकलेलं आणि नवरा शांतपणे चहा पितोय. त्याच दिवशी तिने त्यांना धुळ्याच्या एस.टी.त बसवलं.

मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं. नस म्हणजे एक वायर नाही, हजारो बारीक तारांचा जुडगा आहे. डॉक्टरांनी वरचं आवरण जोडलंय, आतल्या तारा मनगटापासून पुन्हा वाढत बोटांच्या टोकापर्यंत जायच्या आहेत. दिवसाला सुमारे एक मिलिमीटर.

“म्हंजे किती?” त्यांनी विचारलं.

मी पट्टीवर दाखवलं. त्यांनी डाव्या अंगठ्याचं नख पट्टीला लावून पाहिलं.

“यापेक्षा तर नख बी लवकर वाढते,” ते म्हणाले. खरं तर नख याहून कितीतरी सावकाश वाढतं.

पहिले सहा महिने सोपे होते असं आता वाटतं. निदान काय करायचं ते मला माहीत होतं. अंगठा तळव्याकडे आवळू नये म्हणून मी प्लास्टरचा एक साचा करून दिला, तो रात्री बांधायचा. गरम भांडं, विळी, कडबा, कशालाही हात लावण्याआधी डोळ्यांनी बघायचं. दर पंधरा दिवसांनी ते जामनेरहून येत. मी मनगटापासून बोटांच्या दिशेने टिचक्या मारत जायची. ज्या जागी टिचकी मारली की बोटांत करंट गेल्यासारखं वाटे, ती नसेच्या वाढत्या टोकाची जागा. तिथं पेनाने खूण करायची. खूण पुढे सरकत होती. एप्रिलमध्ये तळव्याच्या मध्यात, जूनमध्ये बोटांच्या मुळाशी. बेबाबाई दर खेपेला खूण बघायची आणि “आलं, आलं” म्हणायची, शेताच्या दांडातून पाणी पुढे येतंय अशा सुरात.

ऑगस्टच्या शेवटी पाणी बोटांच्या टोकाला पोहोचलं, आणि गोंधळ सुरू झाला.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने अंगठ्याशेजारच्या बोटाला स्पर्श केला.

“लागलं?”

“लागलं!” त्यांचा चेहरा उजळला. बेबाबाईने हात जोडले.

“कुठल्या बोटाला?”

“मधल्या.”

मी पुन्हा त्याच बोटाला लावलं. “आता?”

“मधल्या.”

मग मधल्या बोटाला लावलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अंगठ्याले लागलं. नही, थांबा. अंगठ्याले बी अन् तयहाताले बी.”

“डोळे उघडा आणि बघा.”

त्यांनी बघितलं. पेन्सिल मधल्या बोटावर टेकलेली होती. ते कधी पेन्सिलकडे, कधी माझ्याकडे बघायला लागले. मी काही चलाखी करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी स्वतःच डाव्या हाताने उजव्या हाताचं एक एक बोट दाबून बघितलं. डोळे मिटून, उघडून, पुन्हा मिटून. पाचेक मिनिटं हे चाललं.

“ताई, धुळ्याच्या डाक्टरने तारा चुकीच्या जोडल्या का?”

मी म्हटलं, तसंच काहीसं. पण डॉक्टरांची चूक नाही. हजार तारा, कुणाला दिसत नाहीत. ज्या तारेने ज्या वाटेने जायचं होतं ती दुसऱ्या वाटेने गेली. आता ते बदलता येणार नाही. डोक्याला शिकवायचं, की मधल्या बोटाची बातमी आली तर ती पहिल्या बोटाची समजायची.

“म्हंजे हात खोटं सांगल अन् मी खरं समजायचं?”

“हो.”

“अन् एखाद दिवशी हाताने खरं सांगतलं तर?”

हाच प्रश्न पुढे दीड वर्ष आमच्यामध्ये बसून राहिला.

मला खरं सांगायचं तर तेव्हा याविषयी फार कमी माहीत होतं. नागपूरच्या कॉलेजातल्या एका पुस्तकात या शिकवणीवर पाच-सहा पानं होती, ती मी हाताने उतरवून आणली होती. वस्तू बघायची, हाताळायची, डोळे मिटून हाताळायची, पुन्हा बघायची. रोज, थोडा थोडा वेळ. मी मला शिकवलेल्या बाईंना नागपूरला पत्र लिहिलं की, पेशंट सारखा एकच चुकीचं बोट सांगतो, तर ते सुधारू की तसंच राहू देऊ? त्यांचं उत्तर आलं, “दोन्ही बाजूंनी मतं आहेत. तू बघ आणि मलाही कळव.” मी ते पत्र कपाटात ठेवून दिलं.

वस्तू कोणत्या वापरायच्या हे मात्र मला सुचलं. वडिलांच्या दुकानात लहानपणी मी पोत्यांत हात खुपसून बसायची. मी पाच डबे केले. ज्वारी, बाजरी, तूरडाळ, चवळी आणि हरभरा. डोळे मिटून चिमूट घ्यायची आणि नाव सांगायचं. असेच डबे बेबाबाईने घरी केले.

पहिल्या दिवशी ज्वारीला हात लावताच जीवरामभाऊंनी हात झटकन मागे घेतला.

“काटे हायेत त्यात.”

काटे नव्हते. हरभरा त्यांना ओला लागला. चवळी गरम. तूरडाळीबद्दल ते म्हणाले, “कोनी बोटात फुंकर मारू राह्यलंय.” आणि कापूस? मी टेबलावर कापसाचा बोळा ठेवला होता, जखमा पुसायचा, साधा. तो मी त्यांच्या चिमटीत दिला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी तो चोळून बघितला.

“खडी हाये का ही? बारीक खडी?”

“डोळे उघडा.”

त्यांनी उघडले. चिमटीतला कापूस पाहिला आणि तो टेबलावर ठेवला, अगदी हळू. मग टोपी नीट केली. त्या दिवशी ते बेबाबाईच्या आधीच जिना उतरून गेले.

त्या सालच्या हंगामात केंद्रावर त्यांना गाड्यांपुढे उभं करायचं नाही असं ठरलं. फाटकापाशी चिठ्ठ्या वाटायचं काम दिलं. त्यांच्या जागी नथ्थू नावाचा दुसरा ग्रेडर आला, पस्तिशीचा, हुशार माणूस. त्यानं कधी टोमणा मारला नाही, उलट विचारायचा, “आबा, या कापसाचं काय म्हणता?” जीवरामभाऊ म्हणायचे, “तूच सांग भो.” गाड्या त्यांच्या समोरून जात. ते हात खिशात घालून उभे राहत. लोकांना वाटायचं, थंडी वाजतेय.

डब्यांचा अभ्यास मात्र ते सोडत नव्हते. आणि डिसेंबरात एक नवल झालं. माझ्याकडे आले, डोळे मिटले, आणि पाचही धान्यं बरोबर सांगितली. पुन्हा घेतली. पुन्हा बरोबर. माझा विश्वास बसेना. मी आनंदाने बेबाबाईचा हात धरला.

“घरी बी बठ्ठं बरोबर सांगतस,” ती म्हणाली. “तरी मन्हा जीव मानत नई.”

“का?”

तिने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाली, डबे काढताना ती मुद्दाम आवाज न करता काढून बघते, तेव्हा ते चुकतात. मी आत आले. डबे न हलवता, एका रुमालावर धान्य आधीच काढून ठेवलं आणि त्यांचा हात तिथं नेला. पाचातली दोनच बरोबर आली.

म्हणजे ते कानाने ओळखत होते. ज्वारी डब्यात वाजते तशी चवळी वाजत नाही. मला वाटलं, त्यांनी आम्हाला फसवलं. मी जरा रागानेच विचारलं. त्यांना इतका धक्का बसला की मलाच लाज वाटली.

“ताई, आईची शपथ, मी आवाज आयकत नव्हतो. मले मालूम पडे, इतकंच. कुठून मालूम पडे ते मले समजत नही. बोटातून येते का कानातून येते, आत गेल्यावर काय फरक हाये?”

फरक आहे, असं मी म्हणाले. पण तो कसा सांगायचा ते मला कळेना. बावीस वर्षं ते बोटांनी कापूस पारखत होते असं सगळे म्हणत होते, ते स्वतःही. पण गाडी रिकामी करताना कापसाचा आवाज होतो, ओल्या कापसाला वास येतो, शेतकरी बोलताना नजर चुकवतो. यातलं बोटाचं किती आणि बाकीचं किती, हे कधी कुणी मोजलं होतं? बोटं गेली तेव्हा नेमकं काय गेलं? मी रात्री जेवताना नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “तू शेक देत होतीस तेच बरं होतं.”

त्यानंतर आम्ही कानात कापूस घालून अभ्यास सुरू केला. जीवरामभाऊंना त्याचं हसू आलं. कित्येक महिन्यांनंतर त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. म्हणाले, “हातातला कापूस खडी वाटते, अन् कानातला कापूस मातर कापूसच वाटते.”

१९८८ हे असं गेलं. कधी पाचातली चार बरोबर, कधी एकही नाही. थंडीत वाईट, उन्हात बरं. एका खेपेला त्यांनी सांगितलं की, आता पहिल्या बोटाला लावलं की पहिल्याच बोटाला लागतं. मी खूश झाले. पुढच्या खेपेला म्हणाले, नाही, पुन्हा मधल्याला लागतं, पण आता ते मनात लगेच पहिलं म्हणतात, म्हणून त्यांना वाटलं होतं की पहिल्यालाच लागतं. मग म्हणाले, “आता मी म्हन्तो ते मले लागते, का लागते ते मी म्हन्तो, हेच उमजत नही.” मी केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

अंगठ्याची ताकद बरीच परत आली होती. गुंड्या लावता येत होत्या, बघून. पेन धरता येत होतं. ते एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. नोकरी गेली नव्हती. पण १९८९च्या जानेवारीत ते एकटेच आले आणि म्हणाले, “ताई, तुमी जामनेरले या. डब्यात काय खरं नही. कापसात बघू.”

मी एका रविवारी गेले. केंद्राला सुट्टी नव्हती, गाड्या रांगेत होत्या. नथ्थूने दहा गाड्यांतून दहा पुंजके काढले, त्यांना आकडे दिले, आणि प्रत्येकाची प्रत एका कागदावर लिहून घडी घालून माझ्या हातात दिली. जीवरामभाऊंचे डोळे मी त्यांच्याच उपरण्याने बांधले, कानात बोळे घातले. नाकाचं काय करावं हे मला सुचलं नाही. बाजूला दहा-बारा शेतकरी जमा झाले. त्यात तोताराम म्हणून एक म्हातारा होता, त्याची गाडी सातव्या क्रमांकाची. त्याला ही काय भानगड आहे ते कळेना. तो सारखा विचारत होता, “माह्या कापसाले काय झालं? डोये कायले बांधले?”

जीवरामभाऊंनी पहिला पुंजका घेतला. सरकी सोडवली, धागा ओढला, चिमटीत धरून ताणला. त्यांचे हात बरोबर जुन्या वळणाने चालत होते, पण चेहरा चालत नव्हता. दूरच्या घरातलं बोलणं ऐकावं तशी मान कलती केलेली. फार वेळ घेतला.

“सुपर,” ते म्हणाले.

दहाही झाले. मी कागद उघडला. सात ठिकाणी दोघांचं जुळलं होतं, तीन ठिकाणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोताराम मात्र चिडला, कारण त्याच्या कापसाला नथ्थूने फेअर लिहिलं होतं आणि जीवरामभाऊंनी सुपर म्हटलं होतं.

“डोये बांधलेल्याले दिसते अन् उघड्याले दिसत नही?” तो ओरडला.

मग केंद्राच्या साहेबांनी त्या तीन पुंजक्यांचे धागे विंचरून पट्टीवर ठेवायला सांगितले. ते सगळ्यांसमोर झालं. एक नथ्थूचं बरोबर निघालं, तोतारामचं. दुसरं जीवरामभाऊंचं. आणि तिसऱ्याचा धागा बरोबर सीमेवर आला, साहेब म्हणाले, कोणी काहीही म्हणा. तोताराम माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, तुमी कोनाच्या बाजूच्या?” आणि गाडीकडे गेला.

गर्दी पांगली. जीवरामभाऊंनी डोळ्यांवरचं उपरणं सोडलं, कानातले बोळे काढले. आम्ही तिघं वजनकाट्याच्या सावलीत उभे राहिलो. नथ्थूने चहा मागवला.

“ताई, मंग मी बरा झालो का नही?”

मी म्हटलं, “कापूस आता कापसासारखा लागतो का?”

त्यांनी जवळचा एक पुंजका उचलून चिमटीत चोळला. “नही. खडीच हाये. पन खडी-खडीत फरक हाये. चांगल्या कापसाची खडी मधल्या बोटात मुंग्यांवानी चालते. मध्यम कापसाची चालत नही, एका जागी टोचते. अन् पानी मारलं आसंन तर अंगठा थंडा पडते.”

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“मले आताच मालूम पडलं. बोलता बोलता.” ते स्वतःच चकित झाले होते. मग म्हणाले, “पन हे मी नथ्थूले कसं शिकवू? त्याले तर कापूसच लागते.”

नथ्थू हसला, पण यात हसण्यासारखं काय ते त्याला कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं. मी जळगावच्या गाडीत बसले आणि सगळ्या रस्त्याने नागपूरच्या बाईंना काय लिहायचं याचा विचार करत आले. शेवटी जे घडलं तसं लिहिलं. त्यांचं उत्तर कधी आलं नाही. बहुतेक त्यांची तोवर बदली झाली असावी.

पुढच्या हंगामापासून जीवरामभाऊ पुन्हा गाड्यांपुढे उभे राहिले. आधी नथ्थूबरोबर, मग एकटे. आता ते गप्पा मारत मारत हात घालत नसत. शेतकऱ्याला गप्प करत, डोळे मिटत आणि वेळ घेत. काही शेतकऱ्यांना त्यामुळे त्यांच्यावर जास्त विश्वास बसला, काहींना संशय आला. चुका झाल्या. पूर्वीही होत असतील, पण पूर्वी त्या कुणी मोजत नव्हतं. एकदा साहेबांनी बोलावून विचारलं की, तुम्ही खात्रीने सांगता ना? तेव्हा ते म्हणाले, “साहेब, सांगतो बरोबर. खात्री मातर नही.” हे बेबाबाईने मला सांगितलं. साहेबांनी काय केलं असं मी विचारलं, तर म्हणाली, काही नाही, साहेब पण घाबरला.

तीन-चार महिन्यांतून एकदा ते दवाखान्यात डोकावत. काम असं काही नसे. कधी घरचे केळ्याचे वेफर्स आणत. मी हात बघायची. एका वर्षी सांगितलं की, नातवाच्या गालाला हात लावला की करंट बसतो, म्हणून पोराला डाव्या हाताने कुरवाळतो. पोरगा उजव्या हाताकडे आला की ते हात मागे घेतात आणि पोराला वाटतं, आजोबा रागावले. “त्याले कसं समजावू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उजव्या हातानेही लावत जा, थोडा थोडा, करंट कमी होईल. त्यांनी तसं केलं का, मला माहीत नाही. माझं विचारायचं राहून गेलं.

१९९४च्या सुमारास माझ्याकडे भागाबाई म्हणून एक बाई आली, पाचोऱ्याकडची. कडबा कापायच्या यंत्रात तिचा हात सापडला होता, नस जोडली होती, आणि तिची बोटं आता विचित्र सांगायला लागली होती. ती फार घाबरली होती. कुणी काही केलंय, अंगात काही शिरलंय असं तिला वाटत होतं. मी तारांचं, वाटांचं सगळं समजावलं. तिला ते पटलं नाही. नेमके त्या दिवशी जीवरामभाऊ आले होते, दाराशी बाकावर बसले होते. मी त्यांना आत बोलावलं.

त्यांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं. आपला हात पुढे केला, मनगटावरचा व्रण दाखवला.

“तुले कसं लागते?” त्यांनी विचारलं.

“तव्यावर बोट ठेवल्यासारखं. पन तवा नसतो.”

“कोनत्या बोटाले?”

“लागते करंगयीशेजारच्याले. पन हात लावते अंगठ्याले.”

“हं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. गावाकडचं माणूस परगावात अचानक भेटावं तसं. त्यांनी तिला बाजरीला हात लावला की काय होतं ते विचारलं, भांडी घासताना काय होतं, केस विंचरताना काय होतं. ती एक एक सांगत गेली. ते मान डोलवत राहिले. काही ठिकाणी म्हणाले, “मले तसं नही होत, मले येगयं होते,” आणि आपलं सांगितलं. तासभर ते दोघं बोलत बसले. मी बाकीच्या पेशंटना शेक देत होते आणि ऐकत होते, आणि त्यातलं निम्मं मला समजत नव्हतं.

शेवटी भागाबाईने विचारलं, “भाऊ, पन हे जाईन का कधी?”

जीवरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांनाच सांगायची खूण केली.

“आठ वर्षं झाली मले,” ते म्हणाले. “मले अजून ठरवता येत नही, गेलं का हाये. तू रोज धान्य हातात घेत जाय. काय वाटते ते घरच्यांले सांगत जाय. माह्या बायकोने दोन वर्षं बसून आयकलं.”

तिने विचारलं, “अन् घरच्यांनी आयकलं नही तर?”

त्यांनी खिशातून बसचं वेळापत्रक लिहिलेला कागद काढला, पाचोऱ्याहून येणारी गाडी जळगावला किती वाजता पोहोचते ते बघितलं आणि म्हणाले, “महिन्याच्या पयल्या सोमवारी इथं ये. मी बी येत जाईन.”